बिलासाठी पॅनेल, अंधारासाठी बॅटरी: आर्वीकडच्या एका घराचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा. विदर्भातल्या आर्वी तालुक्यातलं गाव, स्लॅबचं घर, मागे टिनाची खोली. वापर हिवाळ्यात महिन्याला १४० युनिटं, पावसाळ्यात १८० ते २००, आणि एप्रिल ते जून दोन कूलर लागले की ३४० ते ४२०. उन्हाळ्यात-पावसाळ्यात लाइन रोज जाते, कधी दोन तास, कधी रातभर. आईला दमा आहे, रात्री नेब्युलायझर लागतो. सोलरवाल्याने दोन भाव दिलेत: ३ किलोवॅट ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय, थेट लाइनला जोडलेला), किंवा तेच ५ युनिटांच्या लिथियम बॅटरीसकट हायब्रिड, जवळपास दुप्पट किमतीत. तो म्हणतो, घरी आता टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारं) लागलंय, तेव्हा दिवसा बॅटरी भरा, रात्री महावितरणला महाग वीज विका, तीन वर्षांत बॅटरी फुकट. हे खरं का? किती किलोवॅट घ्यावं? आणि वावरातल्या सोलर पंपाचे पॅनेल घराला जोडता येतील का?

भाऊ, पहिलं उत्तर स्पष्ट देतो: रात्री वीज विकून बॅटरी फुकट होणार नाही, तीन वर्षांत नाही आणि दहा वर्षांतही नाही. तरी तुमच्या घराला बॅटरी लागते. कारण वेगळं आहे, आणि ते कारण नीट कळलं की बॅटरी केवढी घ्यायची हेही ठरतं.

रात्री विकायची ही गोष्ट येते कुठून, ते सांगतो. इंग्लंडमध्ये एका घराला अनेक वीज कंपन्यांपैकी एक निवडता येते. घेण्याचा दर वेगळा, विकण्याचा दर वेगळा, आणि काही योजनांत तो प्रत्येक अर्ध्या तासाला बदलतो. तिथे १ जानेवारी २०२० पासून मोठ्या कंपन्यांना घरची जादा वीज विकत घ्यावीच लागते, मात्र कोणत्या भावाने ते कंपनी ठरवते. मध्यरात्री वीज स्वस्त आणि संध्याकाळी चार ते सात महाग, म्हणून तिथले लोक रात्री बॅटरी भरतात आणि संध्याकाळी विकतात. त्यांचे व्हिडिओ आपल्याकडे फिरतात आणि विक्रेते तेच गणित आर्वीत सांगतात. आपल्याकडे वीज देणारी कंपनी एकच, महावितरण. दर ठरवणार राज्य वीज नियामक आयोग. आणि घरगुती ग्राहकाने संध्याकाळी लाइनला वीज दिली तर त्याला जास्त भाव मिळेल, असा कुठलाही दर आपल्याकडे नाही.

आपल्याकडे आहे नेट मीटरिंग. दुपारी तुमच्या पॅनेलने १० युनिटं केली, घरात ३ लागली, ७ लाइनवर गेली. रात्री तुम्ही ७ युनिटं घेतली. महिन्याच्या बिलात ७ मधून ७ वजा, आकारणी शून्य. दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट इथे एकाच मोलाचं. महावितरणची लाइन ही तुमची कणगीच समजा: टाकलं तेवढं काढता येतं, घट नाही, भाडं नाही. आता त्याच ७ युनिटांसाठी घरात लिथियम बॅटरी बसवली, तर भरताना-काढताना दहा-पंधरा टक्के वीज जाते. ७ टाकली, ६ मिळाली. म्हणजे नेट मीटर चालू असताना बिल कमी करायला बॅटरी वापरणं हा सरळ तोटा आहे. बॅटरीची किंमत तर अजून धरलेलीच नाही.

ती धरून पाहू. ५ युनिटांची चांगली एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी लाखाच्या आसपास पडते. त्यातली वापरण्याजोगी वीज साधारण सव्वाचार युनिटं. चार-पाच हजार वेळा भरली-रिकामी केली तर ती आयुष्यात वीस हजार युनिटांच्या आसपास वीज फिरवते. म्हणजे बॅटरीतून गेलेल्या प्रत्येक युनिटावर पाच रुपयांच्या आसपास नुसती बॅटरीची झीज. टीओडीची सवलत किती? घरगुती ग्राहकाला जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर सवलत मिळते, सुरुवात युनिटामागे ८० पैशांनी झाली. ८० पैशांसाठी पाच रुपये झिजवायचे, एवढाच त्या योजनेचा अर्थ. टीओडीचा फायदा घ्यायचाच असेल तर तो बॅटरीशिवाय घ्या: बोअरची मोटर, कपड्याचं मशीन, इस्त्री, मिक्सर सगळं ९ ते ५ मध्ये उरकून टाका.

नेट बिलिंग म्हणून दुसराही पर्याय नियमांत आहे. त्यात घेतलेल्या सगळ्या युनिटांचं पूर्ण दराने बिल आणि दिलेल्या युनिटांना आयोगाने ठरवलेला वेगळा, कमी दर. तुमच्यासारख्या घराने तो घेऊ नये. अर्जात नेट मीटरिंगच लिहिलंय ना, हे सही करण्याआधी स्वतः वाचा. बऱ्याचदा फॉर्म विक्रेता भरतो आणि ग्राहक फक्त ओटीपी सांगतो.

आता किलोवॅटचं बोलू. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात जास्त पैशाचा भाग हा आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

आपल्या भागात चांगल्या बसवलेल्या एका किलोवॅटमागे वर्षाला १३०० ते १४०० युनिटं धरावीत. महिना मात्र सारखा नसतो. लोकांना वाटतं मे महिन्यात ऊन कडक, तर वीजही जास्त. तसं होत नाही. हवेत ४५ अंश असतात तेव्हा पॅनेलच्या काचेखाली ६५ ते ७० अंश होतात, आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे नवतपाच्या, मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दुपारी पंधरा टक्के गेलीच. दिवसामागे सगळ्यात चांगली वीज मिळते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आभाळ निरभ्र आणि हवा अजून बरी असते तेव्हा. सगळ्यात कमी जुलै-ऑगस्टमध्ये.

२ किलोवॅट धरले तर एप्रिल-मेमध्ये महिन्याला २५० च्या आसपास, जूनमध्ये २००, जुलै-ऑगस्टमध्ये १६०, सप्टेंबरात १९०, ऑक्टोबर ते जानेवारी २२५ ते २३५, फेब्रुवारीत २४०, मार्चमध्ये २७०. वर्षाचे झाले २६०० च्या थोडे वर. तुमचा वर्षाचा वापर २७०० च्या आसपास. कागदावर जवळजवळ बरोबर जुळतं. पण बिलात जुळत नाही, आणि विदर्भातल्या घरांचं खरं नुकसान इथे आहे.

नेट मीटरिंगमधली शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. त्या दिवशी जी उरली ती महावितरण आयोगाने मान्य केलेल्या दराने विकत घेते. तुम्ही वीज ज्या भावाने घेता, त्याच्या मानाने तो दर फारच कमी. १ एप्रिलला खातं शून्यावर. आणि आपला कूलर सुरू होतो एप्रिलमध्ये! हिवाळाभर साठवलेली युनिटं मार्चअखेर मातीमोल जातात आणि लगेच पुढच्या महिन्यात तीच युनिटं आपण पूर्ण भावाने घेतो. तुमच्या घरी २ किलोवॅट लावले तर ऑक्टोबर ते मार्च मिळून ४३० च्या आसपास युनिटं उरतील आणि एप्रिल ते ऑगस्ट ५१० च्या आसपास कमी पडतील. वर्षाच्या बेरजेत हे दिसत नाही, महिन्यांत दिसतं.

म्हणून ३ किलोवॅट घ्यावे का? पैशात मोजू. महावितरणच्या घरगुती दराला टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, पुढे आणखी महाग. हिशोबाला सोपं म्हणून वहन आकारासकट पहिल्या टप्प्याला ६, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १६ रुपये धरतो. तुमचे खरे दर बिलाच्या मागे छापलेले असतात, ते घालून हेच गणित पुन्हा करा. स्थिर आकार आणि वीज शुल्क सोडून, सोलर नसताना तुमचं वर्षाचं बिल येतं २६,४०० च्या आसपास. २ किलोवॅट लावल्यावर उरतं ३,९०० च्या आसपास. ३ किलोवॅट लावल्यावर उरतं पाचशे-साडेपाचशे.

म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटनी वाचवले २२,५००. तिसऱ्याने वाचवले साडेतीन हजारांच्या आतच, आणि मार्चअखेर उरलेल्या युनिटांचे जे काही मिळतील ते. कारण सोलर आधी तुमची महाग युनिटं खातो, ३०० च्या वरची, मग १०० च्या वरची. शेवटी उरतात ती पहिल्या टप्प्यातली स्वस्त युनिटं, आणि तिसरा किलोवॅट बहुतेक त्यांच्याशीच झगडतो. अनुदानही तसंच उतरतं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. एकूण मर्यादा ७८,०००. तुम्ही २ किलोवॅट घ्या. घरात येत्या दोन-तीन वर्षांत एसी, इलेक्ट्रिक स्कूटर किंवा इंडक्शनवर स्वयंपाक येणार असेल तरच ३. विक्रेता ३ चा आग्रह धरतो कारण त्याच्याकडे ३ चा तयार संच आहे. तुमच्या घराचं माप त्याने घेतलेलं नाही.

जमलं तर संच मार्चच्या आसपास चालू करून घ्या. दिवाळीनंतर लावला तर पहिल्या हिवाळ्याची सगळी शिल्लक मार्चअखेरच्या स्वस्त हिशोबात जाते. आणि दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये खात्यात युनिटं शिल्लक दिसली तर ती वापरून टाका. गॅस वाचवून इंडक्शन लावा, पाणी तापवायला गिझर लावा. त्या युनिटांचं नंतर फारसं काही मिळत नाही.

आता बॅटरी. पुष्कळांना संच बसेपर्यंत कुणी सांगत नाही, ते आधी सांगतो: साधा ऑन-ग्रिड सोलर लाइन गेली की बंद पडतो, भर दुपारीही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर तुमच्या छतावरची वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो, आणि तो तसाच असायला हवा. गच्चीवर २ किलोवॅट तळपताहेत आणि खाली पंखा बंद, हे आपल्या गावांत रोज घडतं.

गावात आणखी एक भानगड आहे व्होल्टेजची. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर साधारण १८४ व्होल्टच्या खाली आणि २५३ च्या वर लाइन सोडून देतो. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर लागले की डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरात व्होल्टेज १७० वर येतं. उलट भर दुपारी, शेतीचा भार नसताना आणि आजूबाजूला दोन-चार सोलर असताना ते २५५ वर चढतं. दुपारच्या त्या चढलेल्या व्होल्टेजने चांगल्या उन्हातली वीज वाया जाते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. तेव्हा भाव ठरवण्याआधी दोन-तीन दिवस सकाळी ७, दुपारी १ आणि रात्री ८ ला मल्टिमीटर लावून व्होल्टेज वहीत लिहा. दुपारी २५० च्या वर जात असेल तर आधी महावितरणकडे डीपीचं टॅप बदलण्यासाठी आणि सर्व्हिस वायर तपासण्यासाठी लेखी अर्ज द्या. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर बारीक असेल तर ती आपल्या हातातली गोष्ट आहे, ती जाड घ्या.

बॅटरीचं माप ठरतं एकाच प्रश्नावर: लाइन नसताना रात्री काय चालू राहिलंच पाहिजे? तुमच्या घरी आईचा नेब्युलायझर पहिला. तो दीडशे वॅटचा धरला तरी एका वेळी पंधरा मिनिटं चालतो, म्हणजे युनिटाचा पंचविसावा भाग. त्याला मोठी बॅटरी लागत नाही, भरवशाची लागते. खरी वीज खातो कूलर. पंप धरून १८० वॅट, सहा तासांचं एक युनिट होऊन थोडं वर. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ६० वॅट, फ्रीज सरासरी ६०, दिवे-वायफाय ४०, आणि हायब्रिड इन्व्हर्टर स्वतःच ४० च्या आसपास खातो. सगळं मिळून ३८० वॅट. सहा तासांची लाइन गेली तर २.३ युनिटं. ५ युनिटांच्या लिथियम बॅटरीतली सव्वाचार युनिटं अकरा तास पुरतात. रातभर. तुमच्यासाठी तेवढी बास. १० युनिटांची कुणी सांगितली तर घेऊ नका. साधे ७५ वॅटचे पंखे असतील तर आधी ते बदला; पंख्यावर घातलेला पैसा बॅटरीवरच्या पैशापेक्षा लवकर वसूल होतो. बोअरची मोटर बॅटरीवर अजिबात नको. एक एचपीची मोटर सुरू होताना चालण्याच्या कित्येक पट करंट ओढते आणि त्या झटक्याने इन्व्हर्टर ट्रिप होतो. टाकी दिवसा भरून ठेवा.

तीन किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, त्यावर २ किलोवॅट पॅनेल आणि ५ युनिटांची एलएफपी बॅटरी, हा माझा सल्ला. अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीवर नाही. तो लाख पूर्ण तुमच्या खिशातून जाईल, हे धरूनच चाला. वळवाच्या वादळात डीपी जळाली आणि चार दिवस लाइन आली नाही, तर हायब्रिडचे पॅनेल ढगाळ दिवशीही चार-पाच युनिटं करतात आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी बरीचशी पुन्हा भरतात. ऑन-ग्रिडवाल्याच्या घरी त्या चार दिवसांत काहीच होत नाही.

एवढे पैसे आज नसतील तर कर्ज काढून बॅटरी घेऊ नका. २ किलोवॅट ऑन-ग्रिड लावा आणि सोबत साधा घरचा इन्व्हर्टर १५० एएचच्या एका ट्यूब्युलर, म्हणजे शिशाच्या, बॅटरीवर ठेवा. बारा व्होल्टची ती बॅटरी कागदावर १.८ युनिटांची, पण ती निम्म्याच्या खाली नेऊ नये, तेव्हा हातात ०.९ च येतं. दोन बीएलडीसी पंखे, दोन दिवे आणि वायफाय साधारण आठ तास चालतील. आईचा नेब्युलायझरही चालेल, फक्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. कूलर चालणार नाही. हे बसवताना एकच लक्ष ठेवा: सोलरच्या इन्व्हर्टरची वायर घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर कधीही येता कामा नये, ती मीटरच्या बाजूलाच जोडली पाहिजे. वायरिंग करणाऱ्याला हे समोर उभं राहून विचारा.

हायब्रिडचा आणखी एक विचार आहे. वरचं सगळं गणित दुपारचं युनिट रात्रीच्या युनिटातून पूर्ण वजा होतं यावर उभं आहे. हे नियम आयोगाचे आहेत आणि ते बदलतात. देशात दिवसाची वीज भरपूर आणि संध्याकाळची टंचाई अशी दिशा दिसतेच आहे. टीओडीची सवलत दिवसाच का दिली, तर त्याच कारणाने. उद्या दिवसाची निर्यात फक्त दिवसाच्याच वापरातून वजा करायची असं ठरलं, तर रात्रीचं युनिट १२ रुपयांनी पडेल आणि बॅटरी पाच रुपये झीज सोसूनही परवडेल. म्हणून इन्व्हर्टर हायब्रिड घ्यावा, आणि बॅटरी अशी की नंतर तिच्या जोडीला दुसरी लावता येईल. आज गरजेपुरती घ्या. पुढे बदललेल्या नियमासाठी आजच दुप्पट पैसे टाकू नका.

बॅटरी कुठे ठेवायची यावर तिचं निम्मं आयुष्य ठरतं आणि त्यावर कुणी पाच मिनिटं घालवत नाही. तुमच्याकडच्या टिनाच्या खोलीत मेमध्ये दुपारी पन्नास अंश सहज होतात. तिथे नकोच. बऱ्याच लिथियम बॅटऱ्या ४५ ते ५५ अंशांच्या वर चार्जिंग स्वतःहून थांबवतात; मग नेमक्या कूलरच्या दिवसांत बॅटरी भरलेली नाही म्हणून लोक कंपनीला फोन करत बसतात. शिशाची बॅटरी तर थांबत नाही, गुपचूप मरते: दर दहा अंश जास्त उष्णतेला तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. स्लॅबखालची, उत्तरेकडची खोली निवडा. चुलीपासून लांब, पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. जमिनीपासून फूटभर वर लोखंडी स्टँडवर, दोन्ही बाजूंनी हात जाईल एवढी जागा सोडून. ट्यूब्युलर असेल तर खिडकी हवीच, चार्ज होताना वायू सुटतो. आणि वायर जिथून आत जाते ती भोकं एमसीलने बुजवा. आपल्या गावांत इन्व्हर्टरचे बोर्ड पालीने जळतात, केबल उंदीर खातात, आणि वॉरंटीत हे दोन्ही बसत नाही.

अॅपमध्ये एक सेटिंग असतं, लाइन असताना बॅटरी कुठवर वापरायची याचं. बसवणारे ते सरसकट २० टक्क्यांवर ठेवून जातात, म्हणजे रोज रात्री बॅटरी रिकामी होते आणि पहाटे लाइन गेली की आईजवळ काहीच नाही. नेट मीटर असताना रोज बॅटरी फिरवण्याची गरजच नाही. एप्रिल ते सप्टेंबर हे ८० टक्क्यांवर ठेवा. बाकीच्या महिन्यांत ६० चाललं. लाइनवरून चार्ज करण्याचं सेटिंग चालू ठेवा, म्हणजे दोन-चार दिवस झड लागली तरी बॅटरी भरलेली राहील.

अर्थिंगबद्दल थोडं, कारण पैसे वाचवायला विक्रेता पहिला हात तिथेच मारतो. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थ देते आणि मेमध्ये भेगा पडून कोरडी झाली की सळईशी तिचा संबंधच तुटतो. नेमकी तेव्हाच वळवाची वीज पडते. तडित रोधकाचा अर्थ वेगळा, पॅनेलच्या चौकटीचा वेगळा, एसी बाजूचा वेगळा, अशा तीन अर्थिंग मागा आणि मीटरने मोजून आकडा लिहून घ्या. ५ ओहमच्या आत असावा. एप्रिलपासून आठवड्यातून एकदा तिन्ही खड्ड्यांत बादलीभर पाणी टाका. वानरं गच्चीवर येत असतील तर चौकटीचं काम जाड जीआयचं (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं) घ्या. वानर उडी मारतो तेव्हा काच फुटत नाही, ढिला क्लॅम्प सुटतो आणि पुढच्या वादळात तो पॅनेल जातो.

पॅनेल डीसीआरचेच आहेत, म्हणजे आतली सेलही भारतातली आहे, हे पक्कं करा. तसे नसतील तर अनुदान मिळत नाही. बॅटरीच्या वॉरंटीत ‘दहा वर्षं’ हे मोठ्या अक्षरांत असतं. खाली किती फेऱ्या, किती खोलवर वापर आणि किती तापमानापर्यंत ते लिहिलेलं असतं. तापमानाची ओळ आधी वाचा. योजनेत बसवणाऱ्याला पाच वर्षं देखभाल करावी लागते, तेव्हा माणूस वर्धा किंवा अमरावतीचा असलेला बरा. पुण्याहून कुणी केबल बदलायला येणार नाही.

नेट मीटर बसल्यावर पहिली दोन बिलं नीट बघा. अॅपमध्ये २५० युनिटं तयार झालेली आणि बिलात निर्यात १४०, असं दिसलं की लोक घाबरतात. उरलेली ११० घरात दिवसा थेट वापरली गेली, ती मीटरच्या बाहेर गेलीच नाहीत. चिंता करायची ती वेगळ्या गोष्टीची: बिलात निर्यातीचा आकडाच शून्य आहे का, आणि मागच्या महिन्याची शिल्लक पुढे आली का. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचे आयात आणि निर्यात हे दोन्ही आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चुकलेलं बिल दुरुस्त करून घेताना तो फोटोच कामी येतो.

आणि वावरातला पंप. सौर कृषिपंप योजनेतले पॅनेल त्या पंपासाठी आणि त्या जागेसाठी दिलेले असतात. ते काढून घरी आणता येत नाहीत, आणि त्याच्या कंट्रोलरचं आउटपुट मोटरसाठी बनवलेलं असतं, घरच्या वायरिंगला चालत नाही. शेतातल्या झोपडीत दिवा आणि मोबाइल चार्जिंग पाहिजे असेल तर झटका मशीनसाठी (कुंपणाच्या तारेत झटका देऊन जनावरं अडवणाऱ्या) जी बारा व्होल्टची बॅटरी आणि छोटं पॅनेल ठेवता, तशीच दुसरी जोडी घ्या. झटका मशीनच्या बॅटरीवरच दिवा लावू नका. रात्री ती उतरली की रानडुकरं कपाशीत असतात.

व्होल्टेजची वही भरून झाली आणि सोलरवाल्याने २ किलोवॅट हायब्रिडचा नवा भाव दिला की दोन्हीचे आकडे इथे टाका, बॅटरीच्या वॉरंटीचं पानही. इन्व्हर्टरच्या बॅकअप बाजूची क्षमता त्यात किती लिहिली आहे ते मला आधी बघायचं आहे. तीन किलोवॅटच्या काही इन्व्हर्टरमध्ये लाइन गेल्यावर तीन किलोवॅट मिळतच नाहीत.